रयत उधळी होती का? १८७५चे दंगे आणि माझी हिशोबाची वही

गेल्या वर्षी माझी फेलोशिप सात महिने रखडली. ही काही जगावेगळी गोष्ट नाही. पीएचडी करणाऱ्या कुणालाही विचारा, प्रत्येकाकडे असा एक किस्सा असतोच. सहाव्या महिन्यात घरी फोन करून पैसे मागावे लागले तेव्हा वडील एवढंच म्हणाले, "अंथरूण पाहून पाय पसरावेत रे." ओरडले नाहीत. पैसे दुसऱ्याच दिवशी पाठवले. पण ते वाक्य डोक्यात अडकून बसलं. त्याला एक वेगळंच कारण होतं. त्याच आठवड्यात मी वाचनालयात बसून दीडशे वर्षांपूर्वीच्या साहेबांचं हेच म्हणणं वाचत होतो: दख्खनचा कुणबी कर्जात बुडाला, कारण त्याला आपलं अंथरूण बघून पाय पसरता येत नाहीत. लग्नात उधळतो, सणात उधळतो, उद्याचा विचार करत नाही.

माझा विषय एकोणिसाव्या शतकातली ग्रामीण पतव्यवस्था. सोप्या भाषेत सांगायचं तर गावात कोण कुणाला कशाच्या जोरावर पैसे देत होतं, आणि ते फिटले नाहीत की काय व्हायचं. या विषयात शिरणारा प्रत्येक जण आधी १८७५च्या दख्खनच्या दंग्यांवर येऊन थांबतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बारावीच्या किंवा स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात चार ओळींत हा प्रसंग वाचला असेल. आज तो जरा निवांत बघू. विशेषतः "उधळपट्टी" हा शब्द जुन्या कागदात दिसला की त्याचं काय करायचं, हे मला सांगायचंय, कारण पहिल्या वर्षी मी स्वतः तो जसाच्या तसा उचलून प्रकरणात घातला होता आणि गाइडने पेन्सिलने त्याच्याभोवती गोल काढून समोर नुसतं प्रश्नचिन्ह केलं होतं.

आधी घटना. १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातलं, आज बारामती तालुक्यात येतं. बाजाराचं गाव, त्यामुळे दुकानदार आणि सावकार बरेच. आसपासच्या गावांतले शेतकरी जमले, त्यांनी दुकानांवर चाल केली आणि कर्जाची खतं आणि वहीखाती मागितली. कागद जाळले, धान्याची दुकानं लुटली, काही सावकारांच्या घरांना आगी लावल्या. तिथून हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलं, तिसाहून जास्त गावांत पोचलं. पोलीस, लष्कर आलं. ९५१ माणसं पकडली गेली.

यात एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेत भरते. जिथे सावकाराने मुकाट्याने खतं काढून दिली, तिथे बहुतेक वेळा त्याच्या अंगाला हात लागला नाही. लोकांना कागद हवा होता. माणूस मारणं हा हेतू असता तर चित्र वेगळं दिसलं असतं. आणि दुसरी गोष्ट, जी सांगताना आपण थोडं अडखळतो: हल्ले जवळजवळ सगळे मारवाडी आणि गुजर सावकारांवर झाले. ब्राह्मण सावकार बऱ्याच ठिकाणी सुटले. म्हणजे नुसता व्याजाचा दर घेऊन याचं उत्तर निघत नाही. परका कोण आणि आपला कोण, याचाही हिशोब लोकांच्या मनात होता. आदल्या वर्षाच्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावात एका सावकाराने कोर्टाचा हुकूमनामा आणून तिथल्या देशमुखांची मालमत्ता ताब्यात घेतली, तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला होता. देशमुख म्हणजे गावातलं वजनदार घराणं. गरिबाच्या घरावर जप्ती आली तर गाव हळहळतं. देशमुखाच्या घरावर आली की गाव उठतं. हे माझं मत आहे, कागदात असं लिहिलेलं नाही.

सरकार हादरलं. १८५७ला अजून वीस वर्षंही झाली नव्हती. मुंबई सरकार सुरुवातीला चौकशीला फारसं उत्सुक नव्हतं, पण वरून दबाव आला आणि आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १८७६मध्ये तयार झाला. जबान्या, अर्ज, जिल्ह्या-जिल्ह्यांतले दर, पिकांचे भाव, कर्जाच्या नोंदी, असा भरगच्च ऐवज त्यात आहे. आपल्यासारख्यांना तो मेजवानीसारखा वाटतो, आणि म्हणूनच धोकादायक आहे. कारण तो सरकारने सरकारसाठी लिहिलाय. सरकारचा प्रश्न असा होता: रयत चिडली ती आमच्या शेतसाऱ्यावर की सावकारावर? उत्तर "सावकारावर" असं आलं तर सगळ्यांनाच सोयीचं होतं. अहवालाचा मुख्य कल त्याच बाजूचा आहे. आयोगाचे एक सभासद ऑकलंड कोल्विन यांनी मात्र साराआकारणीवर टीका करणारं वेगळं टिपण लिहिलं. तुम्ही कोणताही सरकारी अहवाल हातात घेतलात की आधी अशी भिन्नमत-पत्रिका आहे का ते शोधा. मुख्य मजकुरातून जे गाळलं गेलं ते पुष्कळदा तिथे सापडतं.

आता उधळपट्टीकडे. त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या मनात काटकसर हा केवळ व्यवहार नव्हता, तो माणसाची लायकी मोजायचा गज होता. सॅम्युएल स्माइल्सचं 'सेल्फ-हेल्प' १८५९ला आलं होतं, आणि त्याचंच 'थ्रिफ्ट', म्हणजे काटकसर याच विषयावरचं पुस्तक, नेमकं १८७५ सालचं! योगायोगच आहे, त्यातून फार काही सिद्ध होत नाही. पण सुप्याला खतं जळत होती त्याच वर्षी तिकडे इंग्लंडमध्ये मजुराने चार पैसे कसे शिल्लक टाकावेत यावर पुस्तक निघतं, हे लक्षात ठेवलं की इकडच्या कलेक्टरांच्या पत्रांतला सूर कानाला ओळखीचा वाटायला लागतो. कुणबी भोळा आहे, अज्ञानी आहे, बेहिशोबी आहे, लग्नात कर्ज काढतो.

मीही असंच गृहीत धरून अहवाल उघडला होता, की यात सगळा दोष लग्नांवर ढकलला असणार. पण निघालं उलटंच! आयोग स्पष्ट म्हणतो की कर्जाचं कारण म्हणून लग्नकार्याच्या खर्चाला फाजील महत्त्व दिलं गेलंय. ऐपतीच्या मानाने तो खर्च जास्त असतो हे ते मान्य करतात. पण असे प्रसंग आयुष्यात थोडेच येतात, आणि वर्षांमागून वर्षांचा हिशोब धरला तर माणसाने आपल्या सामाजिक-घरगुती आनंदावर इतकं खर्चणं काही अवाजवी नाही, असा त्यांचा सूर आहे. कर्जाच्या यादीत लग्न ही एक बाब असते, पण कर्जाचं बीज बहुधा ते नसतं. मला हे वाचून आश्चर्य वाटलं. सरकारी आयोग रयतेची बाजू घेतोय म्हणून नाही, तर पुढची शंभर-सव्वाशे वर्षं लोक तो अहवाल वाचल्यावरही "लग्नाच्या खर्चामुळे शेतकरी कर्जबाजारी" हेच म्हणत राहिले म्हणून. आजही म्हणतात. माझ्या वाचनालयातल्या टेबलावर समोर बसणारा मित्रसुद्धा म्हणाला.

महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये या आरोपाचा समाचार घेतलाय. ते पुस्तक १८८३ला पूर्ण झालं, म्हणजे दंग्यांनंतर आठ वर्षांनी हा आरोप जिवंतच होता. फुले शेतकऱ्याच्या घरातला, ताटातला, अंगावरचा तपशील देतात आणि विचारतात की यात उधळायला आहे काय. आयोगाचा अहवाल आणि 'असूड' शेजारी ठेवून वाचा. दोन टोकांची माणसं, दोन वेगळे हेतू, पण या एका मुद्द्यावर दोघंही रयतेला उधळी ठरवत नाहीत. असे दोन विरुद्ध हेतूंचे साक्षीदार एका गोष्टीवर जुळले की इतिहासकाराने तिथे थांबून नीट बघायचं असतं.

मग बीज कुठलं? आणि त्याचं झाड कसं झालं? हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि इथेच माझी पहिल्या वर्षाची चूक होती. कर्ज का काढलं हा एक प्रश्न. कर्ज का फिटलं नाही हा दुसरा. उधळपट्टीचा आरोप फार तर पहिल्याला लागू पडेल.

पहिल्याचं उत्तर अनेक पदरी आहे. अमेरिकेत १८६१ला यादवी युद्ध सुरू झालं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला. १८६२ला ब्रिटनच्या कापूस आयातीतला नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा इथला होता. मुंबईचा पैसा गावोगाव पसरला. कापसाखालच्या एकरामागे शंभर रुपयांपर्यंत उचल मिळायला लागली. शेतकरी मागायला गेला नव्हता, पैसा त्याच्या दारात आला होता. १८६५ला युद्ध संपलं, भाव पडले, आणि मुंबईच्या पेढ्यांनी हात आखडला तसे गावचे सावकारही वसुलीला लागले. त्याच सुमाराला तीस वर्षांची जुनी साराआकारणी संपून नवी आली. ती तेजीच्या काळातले भाव बघून केली होती. अनेक गावांत सारा एकदम पन्नास टक्क्यांहून जास्त चढला. भाव उतरले तरी सारा उतरला नाही. आणि सारा रोखीत भरायचा, ठरल्या तारखेला भरायचा. पीक विकून पैसा हातात यायच्या आधी हप्त्याची तारीख आली की सावकाराकडे जाण्यावाचून गत्यंतर नसे. अशा कर्जाला उधळपट्टी म्हणायचं का? तो तर बिचारा सरकारचं देणं वेळेवर देत होता.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ते आकड्यांत दाखवता येतं. जरा वही-पेन घ्या.

१८५९ला मुदतीचा कायदा आला. साध्या खताची मुदत तीन वर्षं. त्यानंतर त्या खतावर कोर्टात दावा चालणार नाही. कायदा करणाऱ्यांचा हेतू असा की व्याज वर्षानुवर्षं साचू नये. झालं काय? तीन वर्षं भरत आली की सावकार शेतकऱ्याला बोलावून नवं खत लिहून घ्यायचा. जुनं मुद्दल अधिक साचलेलं व्याज, हे सगळं मिळून नवं मुद्दल. समजा शंभर रुपये घेतले, दरमहा शेकडा दोन रुपये व्याजाने. तीन वर्षांचं व्याज बहात्तर, एकूण १७२. नवं खत १७२चं. पुढच्या तीन वर्षांनी ते २९६ होतं. नवव्या वर्षी ५०९. बाराव्या वर्षी ८७५. सरळ व्याजाने बारा वर्षांनी ३८८ झाले असते. आणि आपल्याकडची जुनी चाल धरली, दामदुप्पट, म्हणजे व्याज कितीही साचलं तरी एका वेळी मुद्दलाइतक्यापेक्षा जास्त मागता येणार नाही, तर दोनशेवर थांबलं असतं. दामदुप्पट पूर्ण मेली नव्हती, मुंबई इलाख्यात कोर्टं ती मानत होती. पण प्रत्येक नव्या खतात व्याजाचंच मुद्दल झालं की दामदुप्पट करणार काय? ती फक्त या खताकडे बघते, मागच्या तीन खतांकडे नाही.

वरचा हिशोब माझा आहे, कोणत्या एका शेतकऱ्याचा नाही. पण अहवालातलं एक खरं प्रकरण यापेक्षाही भयंकर आहे: शंभर रुपयांच्या कर्जावर सावकाराने दोन हजारांहून जास्त व्याज लावलं होतं. त्या शंभरातला प्रत्येक रुपया त्या माणसाने लग्नाच्या वरातीत उधळला असं क्षणभर धरून चालू. तरी उधळपट्टी शंभराचीच झाली. उरलेले दोन हजार कशाचे?

अहमदनगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातल्या मिरजगावच्या एका रयतेचा कलेक्टरला केलेला अर्ज आयोगाच्या कागदांत आहे. तो मी पहिल्यांदा वाचला तेव्हा थोडा वेळ पुढे वाचताच आलं नाही. अर्जदार म्हणतो की घरखर्च भागत नाही म्हणून आम्हाला सावकाराकडे कपडे, धान्य, पैसा मागावा लागतो. पण रोखीने घेणाऱ्याला ज्या भावात माल मिळतो त्या भावात आम्हाला मिळत नाही, आमच्याकडून पंचवीस ते पन्नास टक्के जास्त घेतात. शेतातला माल सावकार उचलून नेतो, खात्यावर जमा करतो म्हणतो, पण वहीत नोंदच करत नाही. आणि नेलेल्या मालाची पावतीही देत नाही.

ही तक्रार नीट बघा. तो व्याज माफ करा म्हणत नाही. त्याला पावती हवीय. त्याला आपला हिशोब ठेवायचाय आणि ठेवता येत नाहीये, कारण हिशोबाचा कागद दुसऱ्याच्या ताब्यात आहे, आणि त्याला स्वतःला तो वाचताही येत नाही. अशा माणसाला बेहिशोबी म्हणायचं धाडस त्या काळच्या कितीतरी अधिकाऱ्यांनी केलं.

पुढे पुढे तर अशी वेळ यायची की शेतकरी आपली बैलजोडी आणि गाडी सावकाराला लिहून देई आणि त्याच दिवशी तीच बैलजोडी, तीच गाडी त्याच्याकडून भाड्याने घेई. गोठ्यातले बैल तेच, दावणही तीच. फक्त आता त्यांचं भाडं चालू झालं.

इथे एक सावधगिरीची सूचना. हे सगळं वाचून सावकार हा सिनेमातल्या खलनायकासारखा दिसायला लागतो. लहान सावकार स्वतः मोठ्या पेढीचं देणं लागत असे, आणि तारण काय, तर पावसावर अवलंबून असलेली जमीन. नील चार्ल्सवर्थ नावाच्या इतिहासकाराने १९७२च्या एका लेखात हे दंगे मुळात वाटतात तेवढे मोठे नव्हतेच, आपण त्यांना नको तितकं महत्त्व दिलंय, असा मुद्दा मांडला. तो लेख वाचा. मला तो सगळा पटत नाही, पण त्याने माझ्या प्रकरणातली दोन पानं वगळायला लावली आणि प्रकरण सुधारलं. आणखी एक आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आयोगाने अहमदनगर जिल्ह्यातल्या बारा गावांत पाहणी केली तेव्हा सरकारी जमीन कसणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश कर्जात अडकलेले निघाले. त्यांचं कर्ज त्यांच्या वार्षिक साऱ्याच्या सरासरी अठरा पट होतं, आणि त्यातलं जवळजवळ दोन तृतीयांश जमीन गहाण टाकून घेतलेलं. अठरा पट हा आकडा अंगावर येतो. पण एक तृतीयांश म्हणजे दोन तृतीयांश तसे अडकलेले नव्हते, हेही त्याच वाक्यात आहे. "दख्खनचा शेतकरी कर्जात बुडाला होता" असं लिहिताना कोणता शेतकरी, हे लिहायला विसरू नका. मी विसरलो होतो.

दंग्यांनंतर लगेच १८७६ ते ७८चा दुष्काळ आला आणि मग १८७९चा दख्खन शेतकरी कायदा. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. परीक्षेत याची कलमं पाठ करावी लागतात, पण एकदा ती मिरजगावच्या अर्जाशेजारी ठेवून वाचली की पाठ करावी लागत नाहीत. कोर्टाने नुसतं खत बघून हुकूमनामा द्यायचा नाही, कर्जाचा मुळापासूनचा इतिहास तपासायचा. मुद्दलाचा आणि व्याजाचा हिशोब वेगळा मांडायचा. शेतकऱ्याने लिहून दिलेलं खत गावच्या निबंधकापुढे नोंदलं पाहिजे. भरलेल्या पैशाची पावती, वर्षाचा हिशोब आणि पासबुक मागायचा त्याला हक्क. कर्जासाठी तुरुंगात टाकणं बंद. मुदत तीन वर्षांवरून वाढवून सहा, आणि नोंदलेल्या खताला बारा. आयोगाला रोग कुठे दिसला होता ते या कलमांवरून कळतं. रयतेने लग्नं साधी करावीत असं एकही कलम नाही.

कायद्याने सगळं सुरळीत झालं असं नाही. सावकारांनी पळवाटा काढल्या, काहींनी खताऐवजी जमिनीचं थेट खरेदीखतच लिहून घ्यायला सुरुवात केली, आणि कर्ज मिळणंच अवघड झालं अशा तक्रारी आल्या. न्यायमूर्ती रानडे आणि विल्यम वेडरबर्न यांनी शेतकी बँकेची कल्पना मांडली, पुरंदर तालुक्यात प्रयोग करायचं घाटत होतं, पण लंडनहून नकार आला. सहकारी पतपेढ्यांचा कायदा यायला १९०४ उजाडावं लागलं. १८८२ला पोस्टाची बचत बँक सुरू झाली होती खरी, पण बचत करायला आधी शिल्लक लागते.

शिल्लक किती असे? याचं मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उत्तर पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांच्या कामात आहे. त्यांनी पिंपळे सौदागर या गावाची घर-घर पाहणी करून १९१७ला पुस्तक प्रसिद्ध केलं. (हो, तेच पिंपळे सौदागर, जिथे आज आयटीवाल्यांचे टॉवर आहेत आणि माझा एक वर्गमित्र तीस वर्षांचे हप्ते फेडतोय.) मान यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. घराची आर्थिक स्थिती ठीक की नाही, हे विलायती मोजपट्टीने ठरवलं नाही. गावकरी स्वतः ज्याला किमान नीट जगणं म्हणतात, तेवढा खर्च धरला आणि तो भागतो का ते पाहिलं. १०३ कुटुंबांपैकी नुसत्या जमिनीवर भागणारी निघाली ८. जमिनीच्या जोडीला बाहेर मजुरी करून भागवणारी २८. उरलेल्या ६७ कुटुंबांचं काही केल्या भागत नव्हतं. म्हणजे पासष्ट टक्के. १९२१ला त्यांनी आणि कानिटकरांनी शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुकची पाहणी प्रसिद्ध केली, तिथे हाच आकडा पंच्याऐंशी टक्के निघाला.

लग्न साधं करा, सण कमी करा, हे त्या ६७ घरांना सांगून काही उपयोग नव्हता. पण त्या ८ आणि २८ घरांतल्या एखाद्याला सांगून असता का? असता, मला वाटतं. बाहेर मजुरीला जायचं की नाही, जोडधंदा करायचा की नाही, खतावर अंगठा द्यायच्या आधी ते कुणाकडून वाचून घ्यायचं की नाही, हे त्यांच्या हातात थोडंफार होतं. इतिहास लिहिताना सगळा दोष परिस्थितीवर टाकला की माणसं बाहुल्या होतात. सगळा दोष माणसांवर टाकला की कलेक्टरचं पत्र होतं. प्रत्येक घरात ही रेघ वेगळ्या ठिकाणी पडते आणि ती कुठे पडते हे बघायला घराचा हिशोब लागतो. पुस्तकातल्या सरासरीने ते दिसत नाही.

म्हणून शेवटी मी माझाच हिशोब काढला. मला लहानपणापासून खर्च लिहायची सवय आहे, आईमुळे. रखडलेल्या सात महिन्यांचा एकूण खर्च निघाला ९६,७५० रुपये. चहा-नाश्ता ज्यावरून मित्र मला टोमणे मारतात, तो सात महिन्यांचा ६,३००. खोलीभाडं आणि मेस मिळून ५३,९००, त्यात कुठे कात्री लावायची ते मला अजून कळलेलं नाही. मोबाइलचे हप्ते १२,९५०. हा खर्च सरळसरळ माझा, जुना फोन चालत होता. चुलत भावाच्या लग्नात आहेर आणि कपडे ५,०००. आणि एक नोंद मी इतके दिवस बघायची टाळत होतो: दुसऱ्या महिन्यात एका कर्ज देणाऱ्या ॲपवरून घेतलेले वीस हजार. त्याचं व्याज, प्रोसेसिंगचे पैसे आणि उशिराचा दंड मिळून ६,४००. सात महिन्यांच्या चहापेक्षा शंभर रुपये जास्त. एकदा मुदत वाढवून घेतली तेव्हा जुनं व्याज नव्या रकमेत मिळवलं गेलं होतं. अटी मी वाचल्या नव्हत्या. वाचता येत असून वाचल्या नव्हत्या, हा माझ्यात आणि मिरजगावच्या त्या अर्जदारात फरक.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा ही वही वडिलांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून सगळी पानं बघितली. फोनच्या हप्त्यापाशी एकदा माझ्याकडे पाहिलं. लग्नाच्या आहेरावर म्हणाले, "एवढं तर द्यावंच लागतं." मग उठून कपाटातून विकास सोसायटीचं स्वतःचं पासबुक घेऊन आले आणि २०१२च्या, पाऊस न पडलेल्या वर्षाच्या पानावर बोट ठेवून म्हणाले, "हे बघ, हे पीककर्ज. मी पण ते भरायला दुसरं काढलंय. कुणाला सांगितलं नव्हतं." आम्ही दोघं बराच वेळ त्या दोन नोंदी बघत बसलो. मुद्दल किती आणि व्याज किती हे त्यांनी मला वेगळं काढून दाखवायला सांगितलं, आणि मी ते त्यांच्याच पासबुकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने मांडलं.

पुढच्या महिन्यात मुंबईच्या अभिलेखागारात जातोय. दंग्यांतून वाचलेल्या एखाद्या सावकाराची वही मिळते का बघायचंय. मला हवी असलेली बरीचशी कागदपत्रं सुप्याच्या लोकांनी १२ मेला जाळून टाकली आहेत, आणि त्यांच्यावर रागवावं असं मला वाटत नाही. पण एखादी वही मिळाली, तर मिरजगावच्या माणसाचा उचलून नेलेला माल खरंच जमा झाला नव्हता का, ते तपासता येईल.